कॉम्प्युटरची पाठ

कॉम्प्युटरशी माझी ओळख झाली ती त्याच्या पाठीकडून. २००१ साली सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी असिस्टंट म्हणून लागले. बारा मशीन होती. दोन्ही भिंतींना टेबलं अशी घट्ट लावलेली की मागे डोकं घालून बघायची सोय नव्हती, फक्त हात जायचा. मॉनिटर ते जुने, पाठीला पोक असलेले, टेबलाची सगळी खोली खाणारे. टेबल ओढायचं म्हणजे शिपाईमामांना हाक मारायची, आणि त्या ओढाओढीत दुसरीच कुठली तरी वायर निसटायची. म्हणून मी खांद्यापर्यंत हात मागे घालायची, गाल मॉनिटरच्या गरम कडेला टेकायची आणि बोटांनी चाचपत जायची. आधी धूळ, मग जळमट, कधी पालीच्या अंड्याचं टरफल, मग पत्रा, आणि त्या पत्र्यावर एकाखाली एक भोकं.

सगळ्यात वर वीज येण्याचा खोलगट चौकोन, त्याचे दोन कोपरे छाटलेले. त्याखाली कीबोर्ड-माऊसची दोन गोल भोकं. मग यूएसबीच्या दोन चपट्या खाचा. मग प्रिंटरचा लांबलचक पॅरलल पोर्ट, त्याच्या पोटाशी नऊ पिनांचा सिरियल आणि मॉनिटरसाठी पंधरा भोकांचा व्हीजीए. शेवटी आवाजाची तीन बारीक गोल भोकं. सहा महिन्यांत ती पाठ मला पाठ झाली.

पण पाठ होणं वेगळं आणि कळणं वेगळं. कळलं ते महिन्यातून एकदा मेंटेनन्सला येणाऱ्या इंजिनिअर काकांमुळे. त्यांनी एकदा मॉनिटरच्या केबलचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "ताई, डोळे मिटा. आता सांगा, वरची बाजू कुठली?" बोट फिरवलं. एक बाजू लांब, एक आखूड, आडव्या पडलेल्या इंग्रजी डीसारखी. "आता उलटा घालून बघा." गेला नाही. "ज्यानं हा आकार काढला ना, त्याला माहीत होतं की तुम्ही टेबलाखाली असणार आहात, अंधारात."

हा डी आकार १९५२ सालचा. अमेरिकेतल्या कॅनन कंपनीने तो काढला (कॅमेरावाली जपानी कॅनन वेगळी). व्हीजीए त्यानंतर पस्तीस वर्षांनी आला, १९८७ मध्ये, आयबीएमच्या पीएस/२ या कॉम्प्युटरच्या मालिकेबरोबर. म्हणजे माझा हात ज्या आकाराला ओळखत होता, तो माझ्या आईच्या लहानपणापासून कुठे ना कुठे कुणाच्या तरी बोटांना वाट दाखवत आला होता. हे कळल्यावर मला त्या पत्र्याबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली. आजही वाटते.

मग मी सगळीकडेच असं बघायला लागले. घरातल्या तीन पिनांच्या प्लगची वरची पिन घ्या. ती जाडही असते आणि लांबही. जाड अशासाठी की ती फेजच्या किंवा न्यूट्रलच्या भोकात शिरूच नये, आणि लांब अशासाठी की प्लग घालताना अर्थिंग सगळ्यांच्या आधी जोडलं जावं, काढताना सगळ्यांच्या नंतर सुटावं. यूएसबीच्या चार पट्ट्यांतही हीच रीत. कडेच्या दोन पट्ट्या विजेच्या, मधल्या दोन डेटाच्या, आणि कडेच्या दोन जरा पुढे आलेल्या. आधी वीज पोचते, मग बोलणं सुरू होतं. पेन ड्राइव्ह हजारदा घालूनकाढूनही हे कधी डोळ्यांत भरत नाही. टोक उजेडात धरून आत डोकावलं तर दिसतं.

आकार चुकू देत नाही, पण पिन वाकते. घाईत तिरका दाबला की वाकलीच. एकदा सकाळच्या बॅचमधल्या एका पोराने हाक मारली, "मॅडम, सात नंबरला कावीळ झालीय!" खरंच सगळा पडदा पिवळा. व्हीजीएच्या पंधरा पिनांपैकी पहिल्या तीन रंगांच्या: एक लाल, दोन हिरवा, तीन निळा. निळ्याची पिन वाकून बसली की लाल आणि हिरवा उरतात आणि त्यांचं मिळून पिवळं होतं. हिरवा गेला तर पडदा जांभळट गुलाबी, लाल गेला तर फिकट मोरपंखी. पडद्याकडे बघूनच आजार कळतो, वैद्याने जीभ बघावी तसा. औषध म्हणजे बॉलपेनची संपलेली रिफिल. तिच्या टोकातली गोळी काढायची, ती पोकळ नळी वाकलेल्या पिनेवर अलगद चढवायची आणि पिन सरळ करायची. जोर लावला तर तुटते. त्या दिवशी निळा परत आला तेव्हा सगळ्या बॅचने टाळ्या वाजवल्या. (पुष्कळ केबलींत नऊ नंबरची पिन मुळातच नसते. नवशिका ती शोधत बसतो. मीही अख्खी एक दुपार टेबलाखाली तिला शोधलं आहे.)

त्या काळी आमचं नेटवर्क जुन्या पद्धतीचं होतं. टीव्हीच्या केबलसारखी काळी कोअॅक्सियल वायर एका मशीनकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे, अशी माळेसारखी ओवलेली. प्रत्येक मशीनपाशी टी आकाराचा एक जोड, पितळी रंगाचा, दाबून पाव वळसा दिला की टक् करून बसणारा. हा बीएनसी. मला तो सगळ्या जोडांत देखणा वाटतो. माळेच्या दोन्ही टोकांना टोपणासारखं काहीतरी लावलेलं असे, टर्मिनेटर. त्याच्या पोटात ५० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा तुकडा. एका विद्यार्थ्याला ते खरंच टोपण वाटलं, त्याने ते काढून ड्रॉवरमध्ये नीट ठेवून दिलं. बारा मशीनचं नेटवर्क एका क्षणात बंद. दोन दिवस मी एकेक टी हलवून बघत होते, एकेक वायर बदलत होते. तिसऱ्या दिवशी काका आले, सरळ ओळीच्या शेवटी गेले आणि म्हणाले, "इथलं भिंताड कुठाय?"

टर्मिनेटर म्हणजे भिंताड नव्हे, उलट आहे. वायर जिथे नुसती संपते तिथे विजेचा संदेश थांबत नाही, तो आपटून परत फिरतो, धरणाच्या भिंतीवरून लाट माघारी यावी तसा. परतलेली लाट पुढून येणाऱ्या लाटेत मिसळते आणि कुणाचंच बोलणं कुणाला कळत नाही. टर्मिनेटरचं काम इतकंच, की आलेला संदेश शांतपणे पिऊन टाकायचा. मशीन बाराही धडधाकट होती, वायर अखंड होती. बिघाड होता तो काहीच नसलेल्या टोकात.

आमच्या कामात फोन येतो तो "मशीन बंद पडलंय" असा. जाऊन बघावं तर दहांत सात-आठ वेळा मशीन ठणठणीत असतं आणि जोड सैल असतो. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर शाळेतला खोडरबर फिरवायचा, परत बसवायची, की मगाशी नुसतं बीप बीप करणारं मशीन उठून कामाला लागतं. धातूला धातू नीट टेकलेला नसतो, मध्ये केसाहून बारीक मळ असतो, एवढंच. पिनांना सोन्याचा मुलामा देतात तोही श्रीमंतीसाठी नाही, सोनं गंजत नाही म्हणून.

२००४ मध्ये स्विच आला, म्हणजे सगळ्या मशीनच्या केबली जिथे एकत्र येतात ती पेटी, आणि नव्या केबली टाकायच्या ठरल्या. पुण्याला तपकीर गल्लीत जाऊन मी क्रिम्पिंग टूल (केबलीवर प्लग दाबून बसवायची पक्कड), टेस्टर आणि शंभर आरजे-४५ची, म्हणजे नेटवर्क केबलीच्या प्लगांची, पिशवी घेऊन आले. बाहेरच्या माणसाला पैसे देण्याऐवजी मीच करते म्हणाले. केबल सोलली की आत आठ वायरी, दोन-दोनच्या चार पिळलेल्या जोड्या. त्या कोणत्या क्रमाने लावायच्या हे एका कागदावर लिहिलं होतं: ऑरेंज-व्हाइट, ऑरेंज, ग्रीन-व्हाइट, ब्लू, ब्लू-व्हाइट, ग्रीन, ब्राउन-व्हाइट, ब्राउन. मला तो क्रम विचित्र वाटला. हिरव्याची जोडी फोडून मध्ये निळी कशाला घुसवायची? मी नीटनेटकं केलं. ऑरेंजची जोडी, ग्रीनची जोडी, ब्लूची, ब्राउनची, दोन्ही टोकांना सारखंच. टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागले. मला फार आनंद झाला.

स्विचजवळची मशीन चालली. लांबची चालायची आणि पडायची, फाईल अर्ध्यावर थांबायची. आठवडाभर मी स्विचला दोष दिला, मग नेटवर्क कार्डांना. काकांनी क्लिप दाबून प्लग काढला, उजेडात धरला आणि फक्त रंग बघितले. त्या वेळच्या नेटवर्कात बोलणं चालतं ते एक-दोन आणि तीन-सहा या पिनांवर. मधल्या चार-पाच टेलिफोनच्या जुन्या सवयीने वेगळ्या ठेवलेल्या, म्हणून निळी जोडी मध्ये आणि हिरवी तिच्या दोन अंगांना. माझ्या नीटनेटकेपणात तीन नंबरला ग्रीन-व्हाइट गेली आणि सहाला निळ्या जोडीतली एक. प्रत्येक वायर सुरू होती, म्हणून टेस्टर खूश. पण जे दोघे मिळून बोलत होते ते एकमेकांशी पिळलेले नव्हते.

आणि सगळी जादू पिळात आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८१ मध्ये पिळलेल्या जोडीचं पेटंट घेतलं. टेलिफोनच्या तारा दुसऱ्या विजेच्या तारांशेजारून जायच्या आणि त्यांची गुणगुण संभाषणात शिरायची, त्यावरचा हा उपाय. दोन तारा एकमेकींभोवती पिळल्या की बाहेरचा आवाज दोघींवर सारखाच पडतो. पलीकडच्या टोकाला दोघींतला फरक तेवढा वाचतात, आणि जे दोघींवर सारखं पडलं ते वजाबाकीत निघून जातं. एकाच केबलमधल्या चार जोड्यांचे पीळही कमीजास्त ठेवतात, म्हणजे शेजारणींचं बोलणं एकमेकींत मिसळत नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं आपण हट्टी माणसाला नावं ठेवताना म्हणतो. इथे पीळ म्हणजेच वायर आहे. प्लगमध्ये घालण्यासाठी तो उलगडायचा तोही अर्ध्या इंचाच्या आतच.

मी सगळे प्लग कापून टाकले आणि परत केले. कितीतरी टोकं असतील. बोटांची पेरं सुजली होती. तो क्रम आता मला झोपेतही म्हणता येतो, पाढ्यासारखा.

हे सगळे जोड मला जवळचे वाटत होते, कारण ते हाताचा विचार करून केलेले होते. मग २०१४ मध्ये लॅबमध्ये एक मुलगी आली आणि त्यातला एक मोठा अपवाद तिच्यामुळे मला दिसला. कला शाखेच्या पहिल्या वर्षाची, जन्मापासून पूर्ण अंध. तिच्यासाठी दोन मशीनवर एनव्हीडीए टाकलं होतं, पडद्यावरचं बोलून दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने ते सुरू केलं आणि जेम्स टेह या दुसऱ्या अंध प्रोग्रामरने त्याला साथ दिली. ती आपला हेडफोन घेऊन यायची, दोन पिनांचा, एक ऐकायची, एक माइकची.

पहिल्या दिवशी तिने विचारलं, "मॅडम, कुठली कुठे घालू?" मी माझ्या टेबलावरून उत्तर दिलं, "हिरवी हिरव्यात, गुलाबी गुलाबीत."

ती काहीच बोलली नाही. हातात दोन्ही पिना धरून उभी राहिली. मी काय बोलले ते मला ऐकू यायला दोन-तीन सेकंद लागले, आणि मग मी खुर्चीतून उठले.

रंगांची ती सगळी व्यवस्था मला किती शहाणपणाची वाटायची! मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांनी पीसी ९९ नावाची मार्गदर्शिका काढली आणि पाठीवरच्या भोकांना रंग दिले: कीबोर्ड जांभळा, माऊस हिरवा, मॉनिटर निळा, स्पीकर पोपटी, माइक गुलाबी. मुलांना शिकवायला ते फार सोपं पडायचं. पण नीट बघितलं तर रंगाची सगळ्यात जास्त गरज पडते ती जिथे आकाराने दगा दिला आहे तिथे. कीबोर्डचं आणि माऊसचं भोक हुबेहूब सारखं, सहा पिनांचं. कीबोर्डची पिन माऊसच्या भोकात बसते आणि काम करत नाही. आवाजाची तिन्ही भोकं सारखी. आकार चुकीला अडवतो, रंग फक्त सांगतो, आणि तोही डोळस माणसाला, उजेडात. टेबलाखाली हात घालून बारा-तेरा वर्षं काढली होती मी. मलाही त्या अंधारात रंग कधी दिसले नव्हते. मी भोकं मोजायची, आणि मोजते हे मला स्वतःला माहीत नव्हतं.

तिचा हात धरून मी पाठीशी नेला. "वरून पहिलं सोड, दुसऱ्यात ऐकायची, तिसऱ्यात माइक." तिने बोटाने मोजलं. "आणि ह्या दोन पिना?" त्या तर अगदी जुळ्या. मी पर्समधून शिवणाचा दोरा काढला, माइकच्या पिनेच्या मानेला पाच-सहा वेढे दिले, गाठ मारली, वर फेविक्विकचा थेंब. "दोरावाली माइक." तिने हाताने चाचपलं आणि पिन पाठीमागे बसवली, माझ्या मदतीशिवाय.

पिन हातात फिरवत ती म्हणाली, "ही बरी आहे मॅडम, हिला तोंड नाही." खरं होतं. गोल पिनेला वर-खाली नसतं, कशीही घाला. ही ३.५ मिलिमीटरची पिन टेलिफोन एक्स्चेंजमधल्या पाव इंची पिनेची धाकटी. १८७८ पासून एक्स्चेंजच्या फळीसमोर माणसं वायरीची टोकं भोकांत घालून एकाचं बोलणं दुसऱ्याशी जोडत होती. त्याच वर्षी बोस्टनमध्ये एमा नट ही पहिली महिला ऑपरेटर कामाला लागली. आपल्याकडे मुंबई, मद्रास आणि कलकत्त्यात एक्स्चेंज सुरू झाली ती जानेवारी १८८२ मध्ये. दिवसभरात शेकडो वेळा टोक घालायचं तर त्याला तोंड असून चालणारच नव्हतं.

यूएसबीला मात्र तोंड आहे, आणि ते बोटाला कळत नाही असं मी समजत होते. १९९६ च्या जानेवारीत सात कंपन्यांनी मिळून यूएसबी आणलं. इंटेलमध्ये ज्यांच्या पुढाकाराने ते घडलं ते अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. दोन्ही बाजूंनी बसणारं टोक केलं असतं तर तारा आणि सर्किट दुप्पट लागलं असतं आणि खर्च वाढला असता, असं त्यांनी पुढे सांगितलं आहे. मला ते पटतं. स्वस्त होतं म्हणूनच ते आमच्या गावच्या लॅबपर्यंत पोचलं. पण रोज पेन ड्राइव्ह उलटा घालून परत सुलटा करणाऱ्या मुलांना मी बघत होते, आणि ती मुलगी एकदाही चुकत नव्हती. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, केबलवर त्रिशूळ असतो ना उठवलेला. तो वर ठेवायचा."

मी केबल हातात घेतली. होता. मधल्या टोकाला बाण, एका फांदीला गोल, दुसरीला चौकोन. इतकी वर्षं मी त्याला कंपनीचं चिन्ह समजत होते. तो वरच्या बाजूला आणि बोटाला लागेल असाच असावा हे नियमातच लिहिलेलं आहे. पेन ड्राइव्हवर पुष्कळदा तो नसतो. तिथे ती टोकात नख घालून आतली पट्टी कुठल्या अंगाला आहे ते बघायची, कारण तिच्या समोरची बाजू पोकळ असते. त्या वर्षी लॅबमधल्या सगळ्या मुलांना तिनेच हे शिकवलं.

ती आता पुण्यात एका बँकेत आहे. मागच्या दिवाळीत घरी आली होती, नवा लॅपटॉप घेऊन. टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, ह्याची पाठ बघा." पाठ नव्हतीच. कडेला तीन भोकं, तिन्ही टाइप-सी, तिन्ही अगदी सारखी. टाइप-सी २०१४ चं, ती माझ्या लॅबमध्ये आली त्याच वर्षीचं. आत चोवीस संपर्क, वर बारा आणि खाली बारा, असे मांडलेले की टोक उलटं-सुलटं कसंही बसतं. एक्स्चेंजच्या गोल पिनेकडे जे होतं ते जवळजवळ १३६ वर्षांनी परत मिळालं. युरोपात तर २०२४ च्या डिसेंबरपासून नव्या फोनला हेच भोक असण्याचा कायदा आहे. मला हे टोक मनापासून आवडतं, अंधारात पहिल्या फटक्यात बसतं.

"बसतं," ती म्हणाली, "पण बसलं म्हणून चालत नाही." तिच्या तीन भोकांपैकी एकातूनच मॉनिटर चालत होता. केबली तीन, हाताला सारख्याच. एक सेकंदाला ४८० मेगाबिटची, फोन चार्ज करण्यापुरती. दुसरी तशीच दिसणारी, पण ४० गिगाबिटची, मॉनिटर चालवणारी. तिसरी लॅपटॉपच्या चार्जरची. भोकांशेजारी नखाएवढी चिन्हं होती, नुसती छापलेली, बोटाला न लागणारी. आकार आता कुणालाच अडवत नव्हता, आणि काही सांगतही नव्हता. ऑफिसात दर वेळी शेजाऱ्याला विचारावं लागतं, हे तिला नको होतं.

मी शिवणाचा डबा काढला. भोकांशेजारी नेलपॉलिशचे थेंब दिले, एक, दोन, तीन, आणि सुकल्यावर परत एकेक थर चढवला, म्हणजे उठाव येईल. मग केबलींच्या माना.

"चार्जरला एक गाठ," ती म्हणाली, "फोनच्या केबलला दोन."

"आणि मॉनिटरच्या?"

"तीन. पण ती दोन्ही टोकांना मारा मॅडम. पलीकडचं टोकही मीच लावते."